आठाच्या आधीचा तीन

"तो थांबा तुम्हाला सुचला कसा?"

पहिल्या रांगेतल्या मुलीने वही उघडून विचारलं, आणि एल्डन विकर्सने सवयीने आजोबांचा पाइप काढला. खरा नव्हे, गोष्टीतला. आजोबा विनोद सांगताना ऐन मोक्याच्या शब्दाआधी थांबून पाइप भरायचे, तिथून आपण थांबायला शिकलो, ही गोष्ट तो चाळीस वर्षं सांगत आला होता. इतक्यांदा सांगितली होती, की आता त्याला तंबाखूचा वासही यायचा. आजोबांनी जन्मात पाइप ओढला नव्हता.

शनिवारची दुपार होती. हॉलिवूडच्या ज्या थिएटरात त्याची सात-सात मिनिटांची कार्टुनं मुख्य सिनेमाच्या आधी लागायची, तिथेच आज त्याचा सत्कार होता. टेबलावर पितळी ढाल ठेवली होती. तिच्यावर कोरलं होतं, 'एल्डन विकर्स, ज्याने कार्टूनला थांबायला शिकवलं.' आत्ताच पडद्यावर त्याची प्रसिद्ध पाणघोडी येऊन गेली होती. ती ठुमकत येते आणि एका नाजूक खुर्चीवर बसते. खुर्ची मोडत नाही. पाणघोडी आपल्याकडे बघत राहते. आपल्यालाही वाटायला लागतं, टिकली बुवा! आणि मग खुर्ची मोडते. पुढे एल्डनने तो थांबा सत्तर कार्टुनांत वापरला, गावातल्या इतर स्टुडिओंनी तो चोरला, आणि आता तर कॉलेजात त्यावर धडे होते.

"माझे आजोबा..." एल्डनने सुरुवात केली, आणि तेवढ्यात त्याला तिसऱ्या रांगेतला पांढरा अंबाडा दिसला. अंबाड्यात पिवळी पेन्सिल खोचलेली होती.

व्हर्ना लिंडक्विस्ट! तो कार्टुनं दिग्दर्शित करायचा त्या स्टुडिओत ती तपासनीस होती. प्रत्येक चित्र कॅमेऱ्याखाली जाण्याआधी कोणतं चित्र किती फ्रेम दाखवायचं याच्या एल्डनने लिहिलेल्या तक्त्याशी ताडून बघायचं, हे तिचं काम. तेव्हा अंबाडा लालभडक होता, पेन्सिल मात्र हीच. काम सोडून बोलायची तिथे कुणाची टाप नव्हती. कोणी काही सुचवलंच तर एल्डनच्या कानावरची लाल पेन्सिल खाली यायची आणि सूचना आडवी व्हायची.

एल्डनच्या तोंडचं पाणी पळालं. या बाईने एक वाक्य बोलायचा अवकाश, ढालीसकट त्याचं पितळ उघडं पडणार होतं. बाई मात्र कौतुकाने त्याच्याकडे बघत होती. ते त्याला जास्त लागलं.

"आजोबा जाऊ द्या," तो म्हणाला. "त्यांना विनोद कळतच नसत. खरं सांगतो. मी आठ फ्रेम लिहिल्या होत्या. सेकंदाला चोवीस फ्रेम पळतात, म्हणजे पाणघोडी टेकते न टेकते तोच खुर्ची मोडायची. पण आकड्याआधी वाकडी रेघ मारायची मला खोड आहे, आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आमच्या तपासनीस पोरीला ती रेघ तीन वाटली. आठाच्या झाल्या अडतीस. पाणघोडी दीड सेकंद बसून राहिली."

पहिल्या रांगेतल्या मुलीने वहीचं पान उलटलं.

"मग मी काय केलं? सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसलो. म्हटलं, आकडे वाचता येत नसतील तर घरी जाऊन बटाटे सोल. ती एवढंच म्हणाली, 'चुकलं, मिस्टर विकर्स.' तयार फिल्म बघितली तेव्हा गुरुवारची दुपार होती. गुरुवारी संध्याकाळी फिल्म थिएटरांकडे जायची म्हणजे जायचीच, आत काही का असेना. पुन्हा चित्रण करायला वेळ कुठला? ती तशीच गेली. आणि याच थिएटरात लोक हसून हसून खुर्च्यांवरून खाली आले. स्टुडिओच्या मालकाने मला मिठी मारली. मी ती मारू दिली."

त्याने ढाल उचलली. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"त्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्यात. ही ढाल त्यांची. व्हर्ना, तुझ्या चुकीवर मी चाळीस वर्षं जेवलो गं. आणि तुला साधं 'माफ कर' म्हटलं नाही."

सगळी डोकी मागे वळली. व्हर्ना उठून उभी राहिली. पर्स सावरली आणि एल्डनकडे नुसती बघत राहिली. एक सेकंद गेला. वर आणखी अर्धा गेला. कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं.

"तुमचं अक्षर मला पहिल्या दिवसापासून लागत होतं, मिस्टर विकर्स," ती म्हणाली. "आठच होते ते. पण आठात ती बिचारी नुसती पडत होती. पडायच्या आधी तिला जरा बसू तर द्यायला हवं! म्हणून तुमच्या रेघेचा तीन मी केला."

एल्डनच्या हातातली ढाल खाली येता येता राहिली.

"अगं बये, मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ती सूचना झाली असती, आणि सूचना तुम्ही खोडलीच असतीत," व्हर्ना म्हणाली. "गुरुवारी दुपारी सापडलेली चूक मात्र तुमच्या आजोबांनाही खोडता आली नसती."