रॅमची खाच

सरांनी आणलेल्या नव्या रॅमची खाच त्यांच्या जुन्या मदरबोर्डच्या स्लॉटशी जुळणार नाही, हे तिला बघताक्षणी कळलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं हे दुकान तिचं होतं. दिवसभर हेच तर करायची ती.

"सर, थांबा, ही रॅम..."

"तू राहू दे. मीच बसवतो."

आवाज तोच, कॉलेजच्या लॅबमधला. तिनं कॅबिनेटला हात लावला रे लावला की सर सगळ्यांदेखत खेकसायचे, "मुलींनी लांबून बघायचं!" तीन वर्षांत एक स्क्रूसुद्धा फिरवू दिला नव्हता. आज तर त्यांनी तिला ओळखलंही नव्हतं.

तिनं तोंडातलं वाक्य गिळलं आणि हात पाठीमागे बांधले.

"जोरात दाबा, सर."

काडकन आवाज झाला. स्लॉटच तुटला.

"अगं, नुसती बघत काय उभी राहिलीस?"

"लांबून बघतेय, सर. तुम्हीच शिकवलंत ना!"