मालकाचं नाव

"मालक कोण?" पाहणीला आलेल्या तनुजा मॅडमनी फोन समोर धरून विचारलं.

"मालक हे काय, इथंच हायेत की." शालूने पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे, मच्छिंद्रकडे पाहिलं.

मॅडमनी व्हिडिओ थांबवला. "नवरा नाही विचारला, शालूताई. कारखान्याचा मालक विचारला. कागदावर तुम्ही आहात."

धायरीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच मशीन होतं, स्टीलच्या डब्यांची झाकणं साच्यात ठोकून बनवणारं. तीन वर्षांपूर्वी सरकारी योजनेच्या कर्जातून घेतलेलं. बाईच्या नावावर अनुदान जास्त, म्हणून अर्ज शालूचा. ते अनुदान अजून बँकेतच अडकून होतं. धंदा बाईच चालवते असं आज व्हिडिओत दिसलं, तर कर्जातून वजा होणार. नाही दिसलं, तर ते सरकारला परत आणि मशीन बँकेला.

मच्छिंद्रने आठवडाभर तिच्याकडून उत्तर पाठ करून घेतलं होतं. सकाळी भाकरी थापताना तिने ते न अडखळता म्हणूनही दाखवलं होतं.

"परत घेऊ," मॅडम म्हणाल्या. "आणि उखाणा नको. नुसतं नाव."

"मी..." शालूची जीभ अडली.

मशीनचं विचारलं असतं तर तिने डोळे मिटून सांगितलं असतं. ठोका जरा जड वाजला की साचा बोथट झाला, हे तिला कानाने कळायचं. तीन वर्षं रोज सकाळी आठपासून तीच तर तिथे बसत होती. पण समोर मच्छिंद्र उभा. त्याच्यादेखत 'मालक मी' म्हणायचं, म्हणजे देव्हाऱ्याकडे पाय करून झोपायचं.

"बोल की," तो म्हणाला. "घरात तर तोंड मिटत न्हाई."

तिने एका दमात म्हणून टाकलं. "माझं नाव शालू मच्छिंद्र पोकळे. ह्या कारखान्याची मालक मी हाय."

मच्छिंद्रने श्वास सोडला. "झालं बघा, मॅडम. चहा सांगू?"

"थांबा."

मॅडमनी व्हिडिओ लावून पाहिला. शालूच्या मागे, भिंतीशी, पॉलिश केलेली झाकणं रांगेने उभी होती. प्रत्येक झाकणात एक एवढासा मच्छिंद्र होता. शालूच्या प्रत्येक शब्दाआधी त्या सगळ्यांचे ओठ हलत होते.

मॅडमनी फोन त्याच्याकडे वळवला. त्याने पाहिलं आणि मान खाली घातली.

"तुम्ही बाहेर थांबा. शटर ओढून घ्या."

"न्हाई, पण मॅडम, तिला एकटीला..."

"चहा सांगणार होतात ना? सांगा. सावकाश येऊ दे."

तो गेला. शटर घरघरत खाली आलं, वीतभर वर थांबलं. त्या फटीतून त्याच्या चपला दिसत होत्या. हलल्या नाहीत.

मशीन बंद होतं. शेडमध्ये इतकी शांतता शालूने कधी ऐकली नव्हती.

"आता कुणी नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज जरा मऊ झाला होता. "पण हे शेवटचं हं. जे असेल ते मला पाठवावं लागेल. सांगा, मालक कोण?"

फोनवर लाल ठिपका लागला.

मॅडमच्या शेजारी मघाशी जिथे मच्छिंद्र उभा होता, ती जागा शालूने पाहिली. मग शटरखालच्या चपला पाहिल्या. मग मागे वळून झाकणं. झाकणांत आता मच्छिंद्र नव्हता, तीच होती, तीस-चाळीस वेळा.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "कुणाकडं बघून सांगू?"