देवीची खोळ

तांब्यातलं पाणी देवीच्या डोक्यावर पडलं आणि कडकन आवाज झाला. चार बोटं जाडीची शेंदराची खोळ मधोमध तडकली, चांदीच्या डोळ्यांसकट सुटली आणि गिरिजाबाईंच्या पायाशी येऊन पडली.

गिरिजाबाईंनी तांब्या खाली ठेवला. नवऱ्यामागे बावीस वर्षं ही पूजा त्यांनी एकटीनं सांभाळली होती. आज पहाटे गारठा फार, म्हणून देवीसाठी पाणी जरा जास्तच कढत घेतलं. एवढे लाड नडले म्हणायचे! आता पूजा हातची जाणार.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ? घटकाभरात देऊळ भरलं. सगळ्यांत पुढे धाकटा दीर भुजंग. पूजा आपल्याकडे यावी म्हणून तो कधीचा टपून बसलेला.

"मी म्हणलो होतो, बाईमाणसाच्यानं हे होत न्हाई. उद्यापासून पूजा मी बघतो."

तेवढ्यात काठी टेकत नव्वदीचे पुंजारामबाबा आले. त्यांनी खोळीवरून हात फिरवला.

"निजामाच्या राज्यात, मी लंगोटीत होतो तव्हा बी गळाली होती. वझं झालं की टाकती देवी. ही खोळ पूर्णा नदीत सोडा. अन् भुजंगा, जिच्या हातून खोळ उतरली, तिच्याच हातचा पहिला शेंदूर. पूजा बी तिचीच. रीत हाये."

भुजंग शेंदूर तेलात कालवायला बसला.

गिरिजाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि नैवेद्याचं ताट पुढे ओढलं. शेंदराखाली देवीचं तोंड नेमकं कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चांदीच्या डोळ्यांखाली अंदाजानं घास लावायचा. त्याच सवयीनं त्यांनी दूधभाताचा घास नेला आणि हात थबकला. समोर काळ्या दगडातला लहानसा, हसरा चेहरा होता. घास बरोबर नाकाला टेकला होता. ओठ दोन बोटं खाली.

गिरिजाबाईंना हसू आवरेना. "बाई गं! बावीस वर्षं नाकाला घास लावला, अन् तू काही बोलली न्हाईस!"

"वहिनी, जल्दी करा," भुजंगनं वाटी पुढे केली. "शेंदूर घट्ट होऊन राह्यला."

"होऊ द्या, भावजी," हात दोन बोटं खाली नेत त्या म्हणाल्या. "आधी तिला जेवू द्या."