बेरिलची बाटली

कीथ डाउसनं ई-सिगारेटच्या द्रवाची बाटली काउंटरवर दोन्ही हातांनी ठेवली. एका हातानं ठेवली असती तर पडली असती.

"काय विकता गं तुम्ही लोक? डिझेल?"

जोडीनं बाटली उचलून लेबल वाचलं. "ही माझ्या दुकानातली नाही. सुपरमार्केटातून आणलीत ना?"

"तुझं दुकान बंद होतं. सोमवारी."

"सोमवारी मी चर्चमध्ये होते, कीथ. बेरिलला निरोप द्यायला. तुमच्या मागच्याच बाकावर."

कीथनं मान हलवली. त्या दिवसाचं त्याला एवढंच आठवत होतं की बूट घट्ट होत होते. आणि घरी आल्यावर बायकोनं बनवून ठेवलेली शेवटची बाटली संपली होती.

"वीस मिलिग्रॅम," जोडी म्हणाली. "वीस का घेतलीत?"

"दिवसाला वीस ओढायचो म्हणून. चाळीस वर्षं. न समजण्यासारखं काय आहे त्यात?"

जोडी हसली नाही. आठवड्यातून एखादं तरी गिऱ्हाईक हेच सांगायचं. "बाटलीवरचा आकडा सिगारेटींचा नसतो. एका मिलिलिटरमध्ये निकोटीन किती, त्याचा असतो. वीसवालं पेनासारख्या छोट्या ई-सिगारेटमध्ये चालतं. त्यातून वाफ निघते दोऱ्याएवढी. तुमची मोठी, किटलीसारखी वाफ सोडणारी. हिच्यात वीस घातलं की—"

"डोकं गरगरतं. घाम फुटतो. काल जिन्यातच बसून राहिलो, अर्धा तास." तो थांबला. "मला वाटलं, असंच होत असेल. माणूस गेल्यावर."

वाऱ्यानं दार उघडलं. गोदीकडून माशांचा वास आत आला. जोडीनं जाऊन दार लावलं आणि परत येताना वीसची बाटली उचलून काउंटरखाली ठेवली.

"ही आता ओढायची नाही."

"मग बेरिल बनवायची ते दे." त्यानं कोटाच्या खिशातून एक रिकामी बाटली काढली. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर बेरिलच्या अक्षरात ६ लिहिलेलं होतं. "बडीशेपेची चव. दर रविवारी सिंकपाशी उभी राहून हलवायची. पाच मिनिटं, घड्याळ लावून. बाहेरच्या खोलीत मला टीव्ही ऐकू यायचा नाही. मला सहा दे. नाहीतर तसं सांग, शेजारी सिगारेटी मिळतातच."

जोडीनं फळीवरून बडीशेपेची मोठी बाटली काढली. ही बाटली बिननिकोटीनची येते, वर थोडी जागा रिकामी ठेवलेली. निकोटीनच्या छोट्या कुप्या वेगळ्या मिळतात. त्या आत ओतायच्या आणि एकजीव होईपर्यंत हलवायचं. दोन कुप्या घातल्या की सहा. तिनं बाटलीशेजारी दोन कुप्या मांडल्या.

मग एक कुपी परत ठेवली. थोडा वेळ हातात धरून दुसरीही ठेवली.

"अगं, विसरलीस काय? दोन लागतात."

"बेरिल दोन न्यायची. पहिल्या वर्षी." जोडी कागदावरच्या सहाकडे बघत होती. "मग एकच न्यायला लागली. एका कुपीत ताकद निम्म्यावर येते. मग एक नेऊन दोनदा पुरवायची. ईस्टरनंतर तिनं एकही नेली नाही."

"मग घालायची काय?"

"काही नाही."

कीथनं बाटलीवरच्या कागदावरून अंगठा फिरवला.

"मला म्हणाली होती, कीथला बोलू नकोस. कळलं तर त्याच दिवशी त्याला तल्लफ येईल. म्हणून सहाचा कागदही काढला नाही."

"खोटं आहे," कीथ शांतपणे म्हणाला. "ती हलवायची. दवाखान्यात गेली त्याच्या आदल्या रविवारीसुद्धा. उभं राहवत नव्हतं तिला, स्टूल घेऊन बसली होती. मी ऐकलंय, पोरी. पाच मिनिटं."

"हो," जोडी म्हणाली. "हलवत असेल."

त्यानं रिकामी बाटली उजेडासमोर धरली. तळाशी एक थेंब होता. तो एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला.

"म्हणजे मी सुटलो होतो?"

"सात महिने. आणि ही वीसवाली चारच दिवस झाली आहेत. ती सोडलीत की थोडे दिवस चिडचिड होईल. मग जाईल."

"चिडचिड," कीथ म्हणाला. "ती कुणावर करू?"

जोडीनं बडीशेपेची बाटली पिशवीत घातली आणि पिशवी पुढं सरकवली. त्यानं पिशवी परत केली आणि बाटली तेवढी घेतली.

काचेतून तिला तो दिसत होता. सिगारेटींच्या दुकानाच्या दारात तो थांबला. आतल्या माणसानं त्याला हात केला. त्यानंही केला. मग रस्ता ओलांडून बसथांब्यावर गेला आणि बाकावर बसला.

त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि कानाजवळ धरून ती हलवायला लागला.

बस आली. दार उघडलं. कीथनं दुसऱ्या हातानं ड्रायव्हरला पुढं जायची खूण केली. अजून तीन मिनिटं राहिली होती.