उत्तमचं कसब

विद्यापीठाची मुलं पहिल्यांदाच पवनचक्कीवर चढत होती, पण अबोली जन्मभर हेच काम केल्यासारखी शिडीवरून सरसर वर गेली. तिच्यामागे चढणाऱ्या हेमांगी मॅडमना त्याचं नवल वाटलं नाही. हल्ली कसब शिकवत नसत. मुरलेल्या तंत्रज्ञांच्या मेंदूतून ते उतरवून घेत आणि मुलांच्या डोक्यात भरत. अबोलीला मिळालेलं कसब हेमांगीच्या नवऱ्याचं, उत्तमचं होतं. चक्कीवरून पडल्यावर दवाखान्यात तो शेवटच्या घटका मोजत असताना ते उतरवून घेतलं होतं. त्याने सुरक्षा पट्ट्याचा हुक लावलाच नव्हता, असा चौकशीचा निकाल होता. हेमांगी स्वतः दर वर्षी नव्या मुलांना त्याच्या निष्काळजीपणाचं उदाहरण देत असे.

वर पोहोचल्यावर अबोलीने हुक लावला, खटका वाजला, तरी तिने शिडीला घट्ट मिठी मारली.

"काय झालं गं?"

"मॅडम, हा हुक धरत नाही. खटका वाजतो, पण झटका बसला की उघडतो. हा असाच उघडून मी पडलेय." तिने खाली मॅडमकडे पाहिलं. "पण मी तर आज पहिल्यांदाच चढतेय ना?"

एका हाताने शिडी धरून हेमांगीने स्वतःचा हुक दांड्याला लावून जोरात हिसडला. तो अलगद उघडला.

खाली सगळी मुलं तसल्याच हुकांवर भिस्त ठेवून चढत होती.

"कुणीही हात सोडू नका," ती ओरडली. "शिडी धरून सावकाश खाली उतरा."

सगळे सुखरूप उतरल्यावर हेमांगी मातीतच बसली.

"उत्तमने हुक लावला होता," ती मुलांना म्हणाली.