मावशींच्या हातावरचा विषाणू

“मावशी, हात पुढे करा.”

“भविष्य सांगतेस की काय? मग लवकर सांग, तिघांची दुपटी बदलायचीत.”

संशोधिका हसली नाही. तिने आयामावशींच्या बोटांच्या बेचक्यांतून ओला बोळा फिरवला, नळीत बंद केला आणि नळीवर आकडा टाकला : पाच.

पहिल्या चार नळ्या बालविभागातल्या चार मुलांच्या होत्या. आली तेव्हा चौघांचे जुलाब साधे होते. इथे येऊन बळावले. चाचणीत चौघांतही रोटाव्हायरसचा एकच दुर्मीळ प्रकार निघाला. आजवर तो तिने फक्त प्रयोगशाळेत तुलनेसाठी जपलेल्या नमुन्याच्या कुपीत पाहिला होता. चार वस्त्यांतली चार मुलं आणि विषाणू एक, म्हणजे लागण विभागातच झाली. चौघांना हाताळणारं माणूसही एकच होतं.

सोमवारी त्यांतलं सर्वांत लहान मूल गेलं. मंगळवारी पाचव्या नळीतही तोच प्रकार निघाला.

विभागप्रमुखांच्या खोलीत मावशी आधी कडाकडा भांडल्या. “एकवीस वर्षं झाली, साहेब! साबणानं हातांची सालटी निघालीत, बघा की!”

मग त्या संशोधिकेकडे वळल्या. “तू सांग, पोरी. तू शिकलेली आहेस. माझ्याच हातानं गेलं का ते लेकरू?”

“चाचणीत तसं आलंय, मावशी.”

“चुकत नाही ना ती?”

“नाही.”

मावशींनी विभागाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, बाहेर बाकावर बसलेल्या त्या बाळाच्या आईपाशी गेल्या आणि तिचे पाय धरले. आईने पाय ओढून घेतले.

शोधनिबंध आठवडाभरात लिहून झाला. विभागप्रमुख खूश होते.

“पण छापण्याआधी परीक्षक आपला कीस पाडतील. सगळ्या नळ्या पुन्हा एकदा चाचणीला लाव. आणि मागच्यासारखी घाईत कोरी नळी वगळू नकोस.”

तिने पाचही नमुने पुन्हा लावले. शेजारी सहावी, कोरी नळी ठेवली. तिच्यात कोणाचाच नमुना नव्हता, नुसतं शुद्ध पाणी होतं.

दुपारी निकाल पडद्यावर उमटला. पाचही नळ्यांत तोच दुर्मीळ प्रकार होता.

सहावीतही.