पश्चिमेकडची गॅलरी

गॅलरीच्या दाराची कडी खट्कन वाजली आणि मी श्वास रोखला. लेक कूस बदलून झोपली.

कॅमेरा आज धाकट्या भावाला द्यायचा होता. लेक झाल्यापासून चार वर्षं तो कपाटात पडून होता. देण्याआधी चालतोय ना, तेवढं बघायला बाहेर आले. आमची गॅलरी पश्चिमेची. सूर्योदय आपल्या नशिबी नाही, असंच धरून चालले होते. पण समोरच्या उंच इमारतीच्या वरच्या काचांत लालबुंद सूर्य उगवत होता, एकेका खिडकीत एकेक. एक फोटो काढला, मग दुसरा. चहाचं आधण आटून गेलं तरी पाय निघेना.

भावाचा फोन आला. "ताई, निघतोय. कॅमेरा काढून ठेवलायस ना?"

"काढलाय. पण देत नाही."

"अगं, परवा तूच म्हणालीस, मला कुठे वेळ!"

"म्हणाले. तू ये मात्र. संध्याकाळी भाचीला सांभाळ, मला मावळतीचे फोटो काढायचेत."

वळले तर लेक दारात उभी, डोळे चोळत, काचांकडे बघत.

"आई, हा सूर्य रोज येतो?"

"रोज."

"मग आधी का नाही दाखवलास?"